काडतुसांच्या पुंगळ्यांचे क्षालन व विलगीकरण : प्रक्रिया आणि परिभाषा

कोणत्याही हस्तव्यवसायातील क्रियांची नावे त्या व्यवसायाच्या अनुभवातून घडलेली असतात. ज्या व्यवसायाशी एखाद्या भाषेचा दीर्घकाळ संबंध आलेला नाही, त्यातील क्रिया त्या भाषेत सांगण्याची वेळ आली म्हणजे दोन मार्ग संभवतात. परकी संज्ञा जशाच्या तशा उचलणे हा पहिला. आणि त्या क्रियेत नेमके काय घडते हे समजून घेऊन, तिच्याशी जातीने जुळणाऱ्या घरगुती क्रियेचे नाव तिला देणे हा दुसरा. दुसरा मार्ग कष्टाचा आहे, कारण त्यात शब्द शोधण्यापूर्वी वस्तूचे ज्ञान करून घ्यावे लागते. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या मार्गाचे एक उदाहरण तपासावयाचे आहे. उडालेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या पुन्हा भरण्यापूर्वी ओल्या पद्धतीने घासून स्वच्छ करतात. त्यानंतर त्या विसळणे, आणि घासण्याच्या साधनापासून वेगळ्या काढणे, ही वरवर क्षुल्लक वाटणारी पायरी येते. ती चुकली तर पुंगळी नासते, आणि क्वचित बंदूक फुटून माणसाला इजा होते. तेव्हा येथे शब्दाचा काटेकोरपणा हा केवळ शैलीचा प्रश्न राहत नाही.

१. काडतूस, पुंगळी आणि टोपी

'काडतूस' हा शब्द मराठीत पोर्तुगीजांकडून आला. मूळ पोर्तुगीज शब्द 'कार्तूशु'. त्याच्या मुळाशी कागद या अर्थाचा 'कार्ता' हा शब्द आहे. दारू व गोळी यांची कागदात बांधलेली पुडी, हा त्याचा आरंभीचा अर्थ. १८५३ च्या एनफील्ड बंदुकीचे काडतूसही कागदाचेच होते. ते दातांनी फोडावे लागे, आणि त्यावरील चरबीच्या वंगणावरून १८५७ मध्ये उठलेले वादळ सर्वश्रुत आहे. पुढे कागदाची जागा धातूने घेतली, परंतु शब्द तोच राहिला. वस्तू बदलली तरी नाव टिकते, या सामान्य नियमाला हे अनुसरूनच झाले.

धातूचे काडतूस चार घटकांचे असते : पुढे गोळी, मध्ये दारू, तळाशी ठिणगी पाडणारी टोपी, आणि या तिन्हींना एकत्र धरणारे पितळी वेष्टन. या वेष्टनाला मराठी वृत्तपत्रांनी व पोलिसी पंचनाम्यांनी 'पुंगळी' हे नाव रूढ केले आहे. पोकळ नळीवजा वस्तूला पुंगळी म्हणण्याची जुनी रीत असल्याने हा शब्द चपखल बसला. 'टोपी' हा शब्द ठासणीच्या बंदुकांच्या काळापासून चालत आला आहे. तेव्हा ती बंदुकीवर बसवीत, आता ती पुंगळीच्या तळातील खळग्यात बसते.

काडतूस उडते तेव्हा गोळी जाते, दारू जळते, टोपी निकामी होते. पुंगळी मात्र उरते. ती ज्या पितळेची असते त्यात सुमारे ७० टक्के तांबे व ३० टक्के जस्त असते. हा मिश्रधातू लवचीक आहे. स्फोटाच्या दाबाने पुंगळी फुगून बंदुकीच्या नळीच्या मागील खान्याला घट्ट चिकटते व वायू मागे येऊ देत नाही. दाब उतरताच ती किंचित आकसते आणि बाहेर ओढता येते. या गुणामुळेच तिचा पुन्हा उपयोग करता येतो. तिला मूळ मापाच्या साच्यातून काढून नवी टोपी, नवी दारू व नवी गोळी बसविणे, यास पुनर्भरण म्हणता येईल.

सर्वच पुंगळ्या पुनर्भरणास सारख्या सोयीच्या नसतात. १८६० नंतरच्या दशकात टोपी बसविण्याच्या दोन पद्धती निघाल्या. इंग्रज अधिकारी एडवर्ड बॉक्सर याच्या पद्धतीत तळाच्या मध्यभागी एकच छिद्र असते व त्यातून सळई घालून जुनी टोपी सहज ठोकून काढता येते. अमेरिकन हायरम बर्डन याच्या पद्धतीत दोन बारीक छिद्रे बाजूला असतात. त्यामुळे तसे करणे जमत नाही. गंमत अशी की अमेरिकेने इंग्रजाची पद्धत उचलली आणि युरोपातील पुष्कळ देशांनी अमेरिकनाची. पुनर्भरणाचा छंद अमेरिकेत विशेष फोफावला याला हेही एक कारण आहे. भारतात १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ अन्वये दारूगोळा तयार करण्यास परवाना लागतो. म्हणून पुढे वर्णिलेली क्रिया प्रामुख्याने तिकडच्या नेमबाजांची आहे, असे समजावे.

२. ओले घासण

उडालेल्या पुंगळीच्या आत काजळी असते, बाहेर डाग असतात, आणि टोपीच्या खळग्यात जळक्या द्रव्याची खरपुडी असते. ती तशीच साच्यात घातली तर कचरा साच्याला व पुंगळीला ओरखडे पाडतो. पूर्वीपासून चालत आलेली कोरडी पद्धत अशी : मक्याच्या कणसाचा भुगा किंवा अक्रोडाच्या कवचांचा भरडा यांत पुंगळ्या घालून ते भांडे थरथरवीत ठेवावयाचे. ही पद्धत सोपी आहे, परंतु तिच्यात धूळ उडते. बहुतेक टोप्यांतील ठिणगीच्या द्रव्यात शिशाचे संयुग असते, आणि ती धूळ श्वासावाटे शरीरात जाते. गेल्या काही दशकांत नेमबाजांत रूढ झालेली ओली पद्धत या दोषापासून पुष्कळ अंशी मुक्त आहे, कारण शिसे हवेत न जाता पाण्यात राहते. मात्र ते पाण्यात राहते, नाहीसे होत नाही, हे पुढे विसरता कामा नये.

ओल्या पद्धतीत आडवे फिरणारे, आतून रबर लावलेले एक पिंप असते. १५ पौंडी पिंपाचे प्रमाण साधारण येणेप्रमाणे सांगतात : ५ पौंड स्टेनलेस पोलादाच्या बारीक पिना, २ पौंड पुंगळ्या, आणि एक गॅलन, म्हणजे सुमारे ८ पौंड, पाणी. त्यात भांडी घासण्याचा थोडा द्रव साबण आणि चिमूटभर सायट्रिक आम्ल घालतात. पिंप एक ते चार तास फिरते. पिना डोके नसलेल्या, तारेच्या तुकड्यांसारख्या असतात; त्यांची नेहमीची लांबी सुमारे ६.५ मिलिमीटर व जाडी सुमारे १.२ मिलिमीटर. त्या पुंगळीच्या आत शिरतात, तळाच्या खळग्यात पोचतात, आणि हाताच्या ब्रशाला न साधणारे काम करतात.

या कृतीत महाराष्ट्रातील वाचकाला अपरिचित असे फारसे काही नाही. चिंच लावून तांब्यापितळेची भांडी उजळणे ही घरोघरची रीत होती. चिंचेतील टार्टारिक आम्ल आणि लिंबातील सायट्रिक आम्ल ही दोन्ही धातूवरील ऑक्साइडाचा थर विरघळवितात व सुटलेल्या तांब्याला पाण्यात धरून ठेवतात. चिंच लावून भांडे तसेच ठेवू नये, लगेच धुवावे, हा घरातला दंडकही येथे तंतोतंत लागू पडतो. आम्ल अधिक झाले किंवा फार वेळ राहिले, तर पितळेतील जस्त तांब्यापेक्षा आधी निघून जाते आणि पृष्ठभागावर तांब्याची गुलाबी छटा दिसू लागते.

घासण्यापूर्वी जुनी टोपी काढून टाकणे इष्ट असते. ती जागेवर राहिली तर खळगा घासला जात नाही, आणि टोपीच्या मागे अडकलेले पाणी वाळतही नाही.

३. विसळणे

पिंप थांबले की पाणी काळे-करडे झालेले असते. साबणाच्या योगाने काजळी पाण्यात तरंगत राहते. परंतु पिंप तसेच ठेवले तर ती पुन्हा खाली बसते व उजळलेल्या पितळेवर थर धरते. म्हणून काळे पाणी ताबडतोब ओतून टाकावे लागते. त्यानंतर स्वच्छ पाणी घालून, ढवळून, पुन्हा ओतणे, ही क्रिया तीनचार वेळा करावयाची असते.

मराठीत 'धुणे' हा शब्द फार व्यापक आहे. घासणे, चोळणे, पाण्याखाली धरणे हे सर्व त्यात सामावते. 'विसळणे' हा शब्द मात्र नेमका आहे : घासण्याचे काम संपल्यानंतर, सुटलेला मळ व घासण्याचे द्रव्य ही दोन्ही स्वच्छ पाण्याने घालविणे. कृतीच्या सूचनेत केवळ 'पुंगळ्या धुवाव्या' असे लिहिले, तर वाचणाऱ्याला घासणे संपले म्हणजे धुणेही संपले असे वाटू शकते. 'घासाव्या व विसळाव्या' असे म्हटले म्हणजे दोन क्रिया दोन ठरतात, आणि त्यांचा क्रमही सांगितला जातो.

अनेकदा थोड्या पाण्याने विसळणे हे एकदाच पुष्कळ पाण्याने विसळण्यापेक्षा अधिक परिणामकारक का ठरते, हे साध्या गणिताने कळते. पाणी ओतल्यावर पिनांच्या व पुंगळ्यांच्या फटींत ०.४ लिटर मळके पाणी राहिले असे धरू. त्यात ४ लिटर स्वच्छ पाणी मिसळून ओतले, तर उरलेल्या पाण्यातील मळाचे प्रमाण एक अकरांश होते. असे तीनदा केले, तर ते अकराच्या घनाने, म्हणजे १,३३१ पटींनी घटते. तेच १२ लिटर पाणी एकदम वापरले, तर प्रमाण केवळ ३१ पटींनी घटते. पाणी दोन्ही वेळा तेवढेच; फळ मात्र चाळीस पटींहून अधिक भिन्न. भांडे थोड्याथोड्या पाण्याने पुनःपुन्हा विसळण्याच्या जुन्या सवयीत हेच गणित दडलेले आहे.

विसळणे अपुरे राहिले तर दोन दोष उद्भवतात. आम्लाचा अंश राहिला तर काही दिवसांत पुंगळीवर डाग व हिरवट पुटे येतात. पाणी जड असेल तर ते वाळताना चुन्याचे पांढरे ठिपके उरतात. हा दोष टाळण्यासाठी शेवटचे पाणी ऊर्ध्वपातित वापरतात. फेस येईनासा होणे व ओतलेले पाणी नितळ दिसणे ही विसळणे पुरे झाल्याची खूण होय.

ओतलेल्या पाण्यात शिसे असते, म्हणून हे काम स्वयंपाकघराच्या मोरीत करू नये, खाण्याजेवणाची भांडी यासाठी वापरू नयेत, हातमोजे घालावेत, आणि काम संपल्यावर हात साबणाने धुवावेत.

४. रोळणे

येथवर पुंगळी मळापासून वेगळी झाली. पिनांपासून ती अजून व्हावयाची आहे. वर सांगितलेल्या मापाची एक पीन सुमारे ५८ मिलिग्रॅम वजनाची असते. ५ पौंडांत, म्हणजे सुमारे २.३ किलोग्रॅममध्ये, अशा जवळजवळ ४०,००० पिना मावतात. त्यांपैकी एकही पुंगळीत राहू नये, अशी अपेक्षा असते.

मोठ्या भोकांच्या चाळणीवर सर्व ओतले तर सुट्या पिना खाली पडतात, परंतु पुंगळीच्या आतल्या पुष्कळशा चिकटून राहतात. ओली पुंगळी उलटी करून हलविली तरी त्या सुटत नाहीत. याचे कारण पाण्याचा पृष्ठताण होय. पीन व पुंगळीची भिंत यांच्यामध्ये पाण्याची पातळ पट्टी असते, आणि तिच्या कडेला हवा असते. या कडेची लांबी पिनेच्या दोन्ही बाजू व टोके धरून सुमारे १५ मिलिमीटर येते. शुद्ध पाण्याच्या पृष्ठताणाचा हिशेब केला तर या कडेचे ओढण्याचे बळ जास्तीत जास्त सुमारे ११० मिलिग्रॅम वजनाइतके भरते. म्हणजे पिनेला खाली नेणाऱ्या तिच्या वजनापेक्षा तिला भिंतीशी धरून ठेवणारे बळ जवळजवळ दुप्पट असू शकते. अर्धवट ओल्या स्थितीत पीन आपण होऊन पडत नाही, याचे रहस्य हे आहे.

यावर उपाय दोन. पहिला, सर्व पूर्ण वाळविणे. मग पाण्याची पट्टीच राहत नाही. परंतु पिनांसकट वाळविण्यास वेळ लागतो व पिनांखाली ओल टिकते. दुसरा उपाय ऐकताना विपरीत वाटतो : सर्व काही पाण्याखाली बुडविणे. पुंगळी पूर्णपणे पाण्यात असेल तर पट्टीच्या कडेला हवा नसते; हवा नसली म्हणजे पृष्ठताणाची ओढही नसते. पोलाद पाण्यापेक्षा सुमारे आठपट जड असल्याने बुडालेल्या पिनेचे वजन केवळ एक अष्टमांशाने घटते, आणि उरलेले सात अष्टमांश वजन तिला खाली नेण्यास पुरेसे असते. म्हणून जाणते लोक भोके असलेला फिरता पिंजरा पाण्याने भरलेल्या टबात अर्धाअधिक बुडवून फिरवितात. पुंगळ्या उलट्यासुलट्या होतात, पिना भोकांतून टबाच्या तळाशी जमतात, आणि त्याच पाण्यात विसळण्याचा शेवटचा हात फिरतो.

या क्रियेला मराठीत नवा शब्द घडविण्याची गरज नाही. धान्य पाण्यात घेऊन, हलवून, जडपणाच्या भेदाने त्यातील खडे वेगळे करण्याला 'रोळणे' म्हणतात, आणि त्यासाठी वापरावयाच्या बांबूच्या विणलेल्या टोपलीला 'रोळी'. पाणी, छिद्रांचे पात्र, ढवळणे आणि जड वस्तूचे खाली जाणे, ही चारही अंगे दोन्ही क्रियांत समान आहेत. सोनारांच्या दुकानातील केर पाण्यात धुऊन सोन्याचे कण काढणाऱ्या झारेकऱ्यांची विद्याही याच जातीची. 'चाळणे' हा शब्द येथे अपुरा पडतो, कारण चाळणे हे कोरडे असते आणि आकाराच्या भेदावर चालते. केवळ चाळण्याने ओल्या पिना निघत नाहीत, हे वर दाखविलेच आहे. तात्पर्य, 'रोळणे' या शब्दाच्या निवडीत कृतीचे मर्मही आपोआप सांगितले जाते.

टबाच्या तळाशी जमलेल्या व इकडेतिकडे सांडलेल्या पिना उचलण्यास लोहचुंबक वापरतात. स्टेनलेस पोलादाच्या ज्या जातीच्या या पिना बहुधा असतात, ती जात मूळची जवळजवळ अचुंबकीय समजली जाते. परंतु गार स्थितीत तार ओढली जाताना तिच्या स्फटिकरचनेत अंशतः बदल होतो आणि ती चुंबकाकडे ओढली जाऊ लागते. पितळ ओढले जात नाही. त्यामुळे दोन धातूंचा हा भेद विलगीकरणास आयताच उपयोगी पडतो.

५. निवडणे

रोळण्यानंतरही काही पिना अडकलेल्या राहतात, आणि त्यांची कारणे भूमितीची आहेत. रायफलीच्या काही पुंगळ्या बाटलीसारख्या, पोट रुंद व मान अरुंद, अशा असतात. .२२३ या मापाच्या पुंगळीच्या मानेची आतली रुंदी सुमारे ५.७ मिलिमीटर, आणि पिनेची लांबी ६.५ मिलिमीटर. पोटात पीन मोकळेपणी फिरते. बाहेर येताना तिरपी आली तर मानेत अडते, आणि तिच्यामागे इतर पिना तुंबतात. तळाच्या छिद्राचा व्यास साधारण २ मिलिमीटर असतो. त्यातून एक पीन जाते, परंतु तोंडाशी दोन पिना एकाच वेळी आल्या तर त्या पाचरीसारख्या बसतात.

अशी एखादी पीन राहून गेली तर काय होते? छिद्रात बसलेली पीन टोपीच्या ठिणगीची वाट अडविते. पोटात राहिलेली पीन दारूची जागा व्यापते आणि गोळीबरोबर नळीत जाऊन आतील आट्यांना इजा करू शकते. म्हणून प्रत्येक पुंगळी प्रकाशाकडे धरून आतून व तळातून पाहणे अपरिहार्य ठरते. येथे यंत्राचा अधिकार संपतो व डोळ्याचा सुरू होतो.

या पाहणीला 'निवडणे' हा शब्द योग्य आहे. परंतु या क्रियापदाच्या एका वैशिष्ट्याकडे लक्ष द्यावयास हवे. मराठीत 'तांदूळ निवडले' असेही म्हणतात आणि 'खडे निवडले' असेही म्हणतात. पहिल्या वाक्यातील कर्म ठेवावयाची वस्तू आहे, दुसऱ्यातील टाकावयाची; क्रिया मात्र एकच. 'निथळणे' या क्रियापदाचे तसेच आहे : 'कपडे निथळतात' आणि 'पाणी निथळते' ही दोन्ही वाक्ये शुद्ध. विलगीकरणाच्या क्रियापदांत ही द्विमुखता वारंवार आढळते, कारण वेगळे होण्याच्या घटनेत दोन पक्ष असतात आणि बोलणारा कोणत्याही पक्षाकडून ती पाहू शकतो. घरात यामुळे गोंधळ होत नाही. तांदूळ ठेवावयाचे व खडे टाकावयाचे हे सर्वांना ठाऊक असते. अपरिचित व्यवसायात मात्र हे गृहीत धरता येत नाही. 'तडकलेल्या पुंगळ्या निवडाव्या' या वाक्याने त्या बाजूला काढून टाकावयाच्या, की त्यांतून काही काढावयाचे, हे नवख्याला कळत नाही. म्हणून लेखी सूचनेत 'निवडून काढणे' व 'निवडून ठेवणे' अशी संयुक्त क्रियापदे योजणे श्रेयस्कर. 'काढणे' व 'ठेवणे' या साहाय्यक शब्दांनी दिशा निश्चित होते.

निवडण्याचा आणखी एक प्रसंग घासण्यापूर्वीचा आहे. पिस्तुलाच्या ९ मिलिमीटर मापाची पुंगळी .४० मापाच्या पुंगळीत शिरते, आणि .४० ची .४५ मध्ये. निरनिराळ्या मापांच्या पुंगळ्या एकाच पिंपात घातल्या, तर त्या एकमेकींत जाऊन बसतात. आतली घासली जात नाही, पिना मध्येच अडकतात, आणि पुढे त्या सोडविणे कठीण होते. तेव्हा मापावार निवड आधी, घासणे नंतर, हा क्रम पाळावा लागतो.

६. निथळणे आणि वाळवणे

पिना गेल्या, पाणी उरले. पुंगळ्या जाड कापडावर ओतून, कापडाची झोळी करून हेलकावे दिले म्हणजे बरेचसे पाणी निथळते. उरलेले पाणी टोपीच्या खळग्यात व आतल्या तळाच्या कोपऱ्यात असते, आणि ते दिसत नाही. उन्हात किंवा वाऱ्यावर एकदोन दिवस ठेवणे, अथवा फळे वाळविण्याच्या मंद उष्णतेच्या पेटीत काही तास ठेवणे, हे दोन्ही मार्ग चांगले.

घाई करून भट्टीची उष्णता मात्र देऊ नये. घडणीच्या वेळी थंड स्थितीत ओढल्याने पितळेला कठीणपणा येतो, आणि सुमारे २५० अंश सेल्सियसपासून पुढे तो कमी होऊ लागतो. पुंगळीची मान मऊ असणे इष्ट. परंतु तिचा तळ मऊ झाला तर स्फोटाचा दाब तो सोसू शकत नाही, आणि वायू नेमबाजाच्या तोंडाकडे येतो. पाणी घालविण्यास १०० अंशांच्या आतली उष्णता पुरेशी आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे अधिक तापविण्याचे कारणच उरत नाही.

न वाळलेल्या पुंगळीत दारू भरली तर ती ओल धरते, आणि टोपीही भिजते. परिणामी काडतूस उडत नाही, उशिरा उडते, किंवा अर्धवट उडते. यांतील तिसरा प्रकार सर्वांत घातक. अर्धवट उडालेल्या काडतुसाची गोळी नळीतच अडकते. हे न ओळखता दुसरे काडतूस उडविले तर नळी फुटते. दोनतीन मिलिमीटरचा न दिसणारा पाण्याचा थर आणि हा शेवट, यांच्यामध्ये केवळ काही तासांच्या धीराचे अंतर असते.

७. पावसाळा, तबेला आणि पितळ

पुंगळ्या उजळण्यासाठी अमोनियायुक्त द्रव्ये वापरू नयेत, असा दंडक आहे. त्याचा इतिहास भारताशी निगडित असल्याने तो येथे नमूद करणे उचित होईल. ब्रिटिश लष्कराच्या भारतातील पलटणी पावसाळ्यात हालचाली कमी करीत आणि दारूगोळा कोरड्या दिवसांपर्यंत तबेल्यांत ठेवीत. पावसाळा संपल्यावर पाहावे तो कित्येक काडतुसांच्या पुंगळ्या, विशेषतः गोळी जेथे आवळून बसविलेली असते तेथे, तडकलेल्या आढळत. कोणी त्यांना हात लावला नव्हता, आघात झाला नव्हता, धातूही बाहेरून फारसा झिजलेला दिसत नव्हता. ऋतूशी असलेल्या या संबंधावरून इंग्रजीत या दोषाचे नाव 'ऋतुभंग' अशा अर्थाचे पडले.

त्याचा उलगडा १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल व मॅलिन्सन या संशोधकांनी केला. घोड्यांच्या मूत्रातून निघणारा अमोनिया, दमट हवा आणि घडणीच्या वेळी पितळेत राहून गेलेला ताण, या तिहींच्या संयोगाने धातूच्या कणांच्या सीमांवर भेगा पडतात. अमोनिया तांब्याशी विद्राव्य संयुग बनवितो. ताण त्या कोरलेल्या जागा उघडीत जातो. यांपैकी एक कारण नाहीसे केले तरी दोष टळतो. घडणीनंतर पितळेला मंद उष्णता देऊन ताण घालविणे हा कारखान्यातील उपाय झाला. अमोनिया दूर ठेवणे हा वापरणाऱ्याचा.

या प्रकरणात नावानेच काही काळ दिशाभूल केली, असे म्हणता येईल. 'ऋतु' या शब्दाने लक्ष पावसाकडे गेले. खरे कारण पावसात नव्हते, पावसामुळे निवडलेल्या जागेत होते. नाव निरीक्षणाचे होते, कारणाचे नव्हते. शास्त्रीय परिभाषेत अशी नावे पुष्कळ टिकून राहतात, आणि ती वापरताना त्यांचा हा मर्यादित अर्थ ओळखून असावे लागते.

८. उपसंहार

वरील विवेचनात आलेली क्रियापदे क्रमाने मांडली, तर सर्व प्रक्रियेचा आराखडा त्यांतच मिळतो. निवडणे : माप मापापासून वेगळे करणे. घासणे : मळ धातूवरून सोडविणे. विसळणे : सुटलेला मळ व आम्ल घालविणे. रोळणे : पाण्याखाली पिना वेगळ्या करणे. निवडून काढणे : सदोष पुंगळ्या व अडकलेल्या पिना डोळ्यांनी हुडकून दूर करणे. निथळणे व वाळवणे : पाणी घालविणे. सहाही पायऱ्यांत एका वस्तूपासून दुसरी विलग होते. परंतु प्रत्येक वेळी विलग होणारी वस्तू निराळी, आणि विलग करणारे बळही निराळे. कोठे आम्ल, कोठे पाण्याचा प्रवाह, कोठे वजन, कोठे दृष्टी, कोठे ऊन. 'स्वच्छ करणे' या एकाच संज्ञेखाली ही सर्व झाकली, तर यांतील कोणती पायरी राहून गेली हे विचारण्याची सोयच राहत नाही.

मराठीला हा व्यवसाय परका आहे, परंतु त्यातील क्रिया परक्या नाहीत. धान्य रोळणाऱ्या, भांडी चिंचेने उजळणाऱ्या, विसळून पालथी घालणाऱ्या हातांनी या क्रियांची नावे केव्हाच ठरविली आहेत. परिभाषाकाराने नवी संज्ञा घडविण्यापूर्वी त्या हातांकडे एकदा पाहावे, एवढेच या उदाहरणावरून सुचवावयाचे आहे.